मारका न्हाई ना?

आमच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे सर चहा येईपर्यंत समोरच्या माणसाचा निकाल लावून मोकळे होतात. "हा पक्का बहिर्मुख, राव," असं ते टपरीवाल्याकडे बघून म्हणतात. मला त्यांनी पहिल्याच दिवशी अंतर्मुख ठरवलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी बेतानंच बोलतो.

वडील वारल्यावर मागं राहिलेला बैल विकायला सर परवा बेल्ह्याच्या बाजारात गेले, तेव्हा मी सोबत होतो. व्यापाऱ्यानं दात बघितले आणि विचारलं, "स्वभावाला कसा हाय, सर? मारका न्हाई ना?"

सर बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या घरी तरी नव्हता."

परतताना आमची वारूळवाडी येईपर्यंत मीच बोलत होतो.