समुद्राकडची खिडकी

"हॉटेल? मी काय मेलोय?" असं म्हणून मामू स्वतःच्या छातीवर असा तडाखा हाणायचे की भाट्याच्या किनाऱ्यावरचे वाळूतले खेकडे बिळात पळायचे.

रत्नागिरीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या या माणसाला लॉज, हॉटेल या शब्दांचाच संताप. पाहुणा कुणाचाही असो, मामू त्याची बॅग हिसकावून आपल्या घरात, दुबईच्या पैशातून पाहुण्यांसाठी बांधलेल्या माडीवरच्या खोलीत नेणार. एका विमा एजंटाला तर त्यांनी लॉजच्या जिन्यावरून ओढून आणला. बिचारा पापलेट खाऊन खाऊन इतका सुस्तावला की पॉलिसी विकायचीच विसरला.

वीसेक वर्षं दुबईच्या बंदरात क्रेन चालवून मामू परतले होते. तिथल्या फ्लॅटचं वर्णन सगळ्या आळीला पाठ. स्वतंत्र खोली, समुद्राकडे उघडणारी खिडकी, आणि पलंग एवढा मोठा की कूस बदलताना वाटेत विसावा घ्यावा लागे. विसावा माझ्या पदरचा आहे, खिडकी मात्र त्यांचीच. मामींनी तो फ्लॅट कधी पाहिला नव्हता. खिडकी आली की त्यांचा चेहरा उजळायचा.

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही दुबई पाहायला निघालो. मी, माझी बायको, मामू आणि मामी. मी शहाण्यासारखं हॉटेल ठरवलं होतं. मामूंना कळलं मात्र, त्यांनी मुंबईच्या एजंटाला फोनवर असा झोडपला की त्यानं घाबरून बुकिंगच रद्द केलं.

"माज्या भाच्याचा फ्लॅट हाय तिथं. जाऊन पडायचं!"

जाऊन पडलो. जिन्यात. भाच्याच्या दाराला कुलूप, भाचा कामासाठी मस्कतला. आम्ही येणार हे मामूंनी त्याला कळवलंच नव्हतं.

"आपल्या मानसाकडे कळवून जातात काय रे?" त्यांनी उलट मलाच झापलं.

बाहेर ऊन असं की बॅगेतल्या आमसुलांचं सार झालं असेल. टॅक्सी करून हॉटेलं पालथी घातली, सगळी भरलेली. मामू टॅक्सीतून उतरायलाच तयार नाहीत. "चला विमानतळावर, बाकड्यावर बसू."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मामू, तुमच्या गावकऱ्यांची खोली आहे ना इथे? गावचा कुणीही आला तरी जागा मिळते म्हणता! तुम्ही राहायचात तो फ्लॅट तोच ना?"

मामूंचा आवाज एकदम खाली आला. "ती... लांब हाय."

"किती लांब?" मामींनी विचारलं.

टॅक्सीवाला नेमका गुहागरचा निघाला. "लांब कसली मामी? ही काय, मागच्या गल्लीत."

मामूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तिकडे गुहागरात पोफळी वाळल्या असतील.

शुक्रवार होता, सुटीचा. सगळे गाववाले खोलीतच होते. भिंतीलगत तीनमजली लोखंडी पलंग. मधली जागा इतकी की एकानं शिंकायचं तर बाकीच्यांनी पोट आत घ्यावं. आम्हाला पाहून सगळ्यांनी धडाधड शर्ट चढवले.

"बायामानसं आलीत, उठा रे!" म्हणत उशा काखेत मारून मंडळी गच्चीवर निघाली. एकानं जाता जाता छताखालच्या फळीवर कौतुकानं थाप मारली. "मामू, हिला अजून मामूची माडी म्हंतात हां!"

माडीला फुलाफुलांच्या चादरीचा पडदा होता. मामींनी तो बोटांत धरला.

"ही मी पाठवलेली. मोठ्या पलंगासाठी."

"अगो, त्याचं काय झालं..."

"खिडकी कुठाय?"

 भिंतीत एसीपुरतं भोक होतं.

मग मामी अशा कडाडल्या की शेगडीवरची माशाची कढी उकळायची थांबली. "घरी पाव्हन्यांना गाद्यांवर गाद्या, आनि तुमी हितं फलीवर? मला सांगितलं असतंत तर मी ती माडीवरची खोली बांधू दिली असती? मी काय राक्षीन हाय?"

"तू रडली असतीस गो."

"मग रडले असते! माजं रडनं माजं होतं. ते तुमी का चोरलंत?"

बुकिंगवरून मामूंना सोलून काढायचं मी वाटभर घोकत आलो होतो. ते सोडून मी बॅगा कोपऱ्यात लावत बसलो.

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. त्या खिडकीच्या थापेचा मला अजून राग येतो. भांडायला माणूस नाही म्हणून जास्तच येतो. आणि दर वेळी तेच दिसतं. चांगल्या भरभक्कम मामी शिडीला लटकत, कण्हत वर चढल्या आणि त्या फळीवर आडव्या झाल्या. नाक छताला टेकलेलं.

"उतर गो, पडशील."

"नाय उतरत."

लोखंड कुरकुरत होतं. वरून गच्चीवरच्यांनी जेवायला हाका मारल्या, मी आणि बायको गेलो, जेवून आलो. मामू तिथेच होते, पाठमोरे, फळीची कड दोन्ही हातांनी धरून.