होऊन जाऊ दे मोजणी

वहिनीचा फोन आला तेव्हा अकोल्यात मी वॉर्डात इंजेक्शनं भरत होते. "मंदाताई, हे गेले..." एवढंच ती बोलली. कुठे, कसे, मी विचारलं नाही. तीन तासांपूर्वी त्याच फोनवर मी दादाशी बोलले होते.

याला दीड महिना झाला. माझा मोठा भाऊ डॉ. विलास अमरावतीत तीस वर्षं प्रॅक्टिस करत होता. शोकसभेत सगळ्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं. मला ते ऐकवेना. हुशार डॉक्टर होता, यात वाद नाही; पण गेली दहा वर्षं तो दोन डगरींवर हात ठेवून होता आणि मन जास्त जमिनीत होतं. चांदूर रेल्वेहून आलेल्या पेशंटची नाडी हातात धरून विचारायचा, "तुमच्या तिकडं एकर कितीले चालू हाय?" संध्याकाळची ओपीडी लवकर आटोपायची आणि गाडी काढायची, लेआउट पाहायला. बाहेर बाकावर बसलेली म्हातारी माणसं तशीच परत जायची... मी बोलले की म्हणायचा, "मंदे, दवाखाना हात चालतात तोवर. म्हातारपणी जमीनच पोसते."

आणि मी तरी कुठली शहाणी? खाजगी नोकरी, पेन्शन नाही, गुडघे कुरकुरू लागलेले. तिवसा रोडवर त्याने घेतलेल्या शेतात पीएफ काढून मीही वाटा टाकला. शेजारच्या मालकाने धुरा, म्हणजे मधला बांध, कोरत कोरत आमच्यात आणला होता, म्हणून सरकारी मोजणी मागितली. तारीख मिळायला पाच महिने लागले.

त्या दुपारी त्याचा फोन आला तो धुऱ्यावरूनच. "छातीत भरून आल्यावानी हून राहिलं वं. घाम बी सुटला. अ‍ॅसिडिटी असन, सकाळी कचोरी खाल्ली."

"डावा हात दुखते काय?"

"थोडासा. पण मोजणीदार आत्ताच आला. मी गेलो तं शेजारचा गडबड करते, अन् तारीख पुन्हा पाच महिन्यानं."

वीस वर्षं मी हृदयरोगाच्या वॉर्डात काढली. हेच कुणा नातेवाइकाने फोनवर सांगितलं असतं तर मी ओरडले असते, असाल तसे गाडीत घाला आणि निघा. डॉक्टर तो होता, मी नव्हते, अशी रोज स्वतःची समजूत काढते. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण दादाला लावणारे तेरवीत पुष्कळ भेटले. मला कुणी लावली नाही, कारण मी काय बोलले ते कुणाला ठाऊकच नाही. "होऊन जाऊ दे मोजणी," मी म्हटलं होतं. "मंग ईसीजी काढून घेजो." वहिनीने विचारलं, "तुमच्याशी बोलले ना ते? काय म्हणाले?" मी सांगितलं, अ‍ॅसिडिटी म्हणाला. पुढचं गिळलं.

त्याचा राग येतो. सगळं कळत असून बसून राहिला, याचा. माझा त्याहून जास्त येतो.

शेवटचा दगड रोवेपर्यंत तो धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून होता, असं मोजणीदार सांगत होता. "बरोबर हाय," दादा म्हणाला आणि आडवा झाला. मागच्या रविवारी मी एकटीच तिथे गेले. बाभूळ रस्त्यावरूनच दिसत होती. गाडीतून उतरले आणि आधी सगळा धुरा चालून दगड जागेवर आहेत का, ते पाहून घेतलं. मग बाभळीकडे वळले.