वाटणीत आलेलं अर्धं दार

शिंदखेड्याच्या स्टेशनावर मी उभी होते आणि माझ्या हातात माझी पोरगी नव्हती, दार होतं. खरंच दार. जुन्या सागाचं, गोधडीत गुंडाळलेलं, सुतळीने तीन ठिकाणी बांधलेलं. ज्या कमरेवर चौदा महिने ईशू बसायची त्याच कमरेला ते टेकवून मी उभी, आणि ईशू समोर अक्काच्या काखेत. अक्का म्हणजे माझी सासू, सगळं गावच तिला अक्का म्हणतं. ईशू हसत होती, तिला वाटलं मी खेळतेय. गाडी दिसली तशी मी रडायला लागले, तर अक्का म्हणते, "रडू नको वं. दार नीट धर, कडी वाजी ऱ्हायनी."

तुम्ही ज्या गावात राहिलात आणि ज्या माझ्यासारख्या निघालात, कोणी सुरतला, कोणी पुण्याला, तुम्हाला सगळ्यांना सांगते. घर सोडताना कोणी भांडी नेतं, कोणी देव नेतं. मी अर्धं दार नेलं.

आधीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. ईशूचे पप्पा जळगावला चटईच्या कंपनीत आहेत, एमआयडीसीत. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या, वर पत्रा. मी सातवीपर्यंत शिकलेली, लग्नाआधी शिंदखेड्याच्या पुढे कधी गेले नव्हते, मला रिक्षावाल्याला पत्ता सांगायचीही भीती वाटायची. मागच्या उन्हाळ्यात तो पत्रा असा तापला की दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका. ईशूला हगवण लागली, डोळे आत गेले, सलाइन लावायला तिच्या हाताची शीर सापडेना. चार दिवस दवाखान्यात. मी दिवसातून दहा वेळा तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास येतोय ना, येतोय ना. ती सवय अजून गेली नाही.

मग गावी आणलं तिला, आणि गावाच्या हवेत पंधरा दिवसांत पोरगी टुणटुणीत झाली. झालं. अक्काने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्या पत्राखाल पोर पाठावाव नही मी. दोन महिना देस तुले. खोलीनं घर कर, मंग लई जाय. कानबाईना पहिले मी सोता ईसू आन देखसू. नही जमनं ते पोर आठेच ऱ्हाई, शाळामा जाईपावत." कानबाई म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण; त्याच्या आत अक्का स्वतः येऊन खोली बघणार, नाही जमलं तर पोरगी शाळेत जाईपर्यंत गावीच. मी ईशूच्या पप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते. खोटं तर काही नव्हतंच ना त्यात.

त्याच उन्हाळ्यात गावचं मातीचं धाब्याचं घर पाडून माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, नानांनी, स्लॅब टाकायला घेतला होता. जुन्या घरातलं जे निघालं ते दोन भावांत सारखं वाटलं, आमच्याकडे तशीच रीत. खांब एक इकडे एक तिकडे, पाटे वरवंटे, हंडे, आणि पुढचं दार दोन फळ्यांचं, तर एक फळी नानांना आणि एक आम्हाला. अर्ध्या दाराचं काय करतात हो? नानांनी त्यांची फळी गोठ्याला लावली. आमची फळी कडीची होती, लांब लोखंडी साखळीची कडी. नानांची बायको, माझी जेठानी, म्हणाली, कडी मोठ्याच्या फळीला पाहिजे, तर अक्का म्हणाली, "कडी धाकल्याकडे ऱ्हाऊ दे." का म्हणाली ते तेव्हा कळलं नाही.

गाडीत आम्ही दार सीटच्या आडवं उभं केलं. अमळनेरला एक म्हातारा चढला, बसला, आणि मला म्हणतो, "ओ ताई, दार लावी ल्या ना, वारा ई ऱ्हायना." अख्खा डबा हसला. मीही हसले. ईशूच्या दुधाची वेळ झालेली, माझा झंपर पुढून भिजून गेला होता आणि मी दार छातीशी धरून बसले होते कोणाला दिसू नये म्हणून.

मग जळगावात मी जे केलं ते मला आता खरं वाटत नाही. मी, जी घासलेट आणायला एकटी जात नव्हती, ती भंगार बाजारात एकटी जायला लागले. आधी पत्रा. कंपनीत ज्या चटया चुकतात, रंग फाटतो, नक्षी सरकते, तो रिजेक्ट माल बाहेर टाकतात. ईशूचे पप्पा मुकादमाला विचारून तो आणायला लागले, सायकलवर गुंडाळ्या. पत्र्याखाली बांबू बांधून आम्ही त्यांचं छत केलं, दोन थर, मधे पोकळी. एका चटईवरच्या मोराला दोन डोकी आलेली. ती मी मुद्दाम मधे लावली. भिंतीला उन्हाच्या बाजूने पण चटया. हात लावला तर चटका नाही. मी तीन दिवस दुपारी येता-जाता भिंतीला हात लावून बघत होते.

घरमालकांचं साड्यांचं दुकान आहे, मारवाडी लोक. त्यांनी दुकान नवीन केलं, सगळं सनमायकाचं, आणि जुनं लाकडी कपाट मागच्या बोळात काढून ठेवलं. मी दोन दिवस त्याच्यासमोरून नुसती जात होते. तिसऱ्या दिवशी भाभीजीच, म्हणजे मालकीणबाई, वरून म्हणाल्या, "अगं, किती बघशील? घेऊन जा ना, नाहीतर भंगारवाला नेईल." त्याच्या कप्प्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, अस्तर, कटपीस, फॉल. मी पुसलं नाही. अजून पण माझी डाळ अस्तरात असते आणि ईशूचे कपडे कटपीसमध्ये.

राहिलं दार. खाली फरशीवर मुंग्या येतात, पावसात बोळातलं पाणी उंबऱ्यावरून आत येतं, म्हणून पोरीला वर झोपवायला काहीतरी पाहिजे होतं. भंगारात शाळेच्या बाकाचे लोखंडी पाय मिळाले, कंपनीजवळच्या वेल्डिंगवाल्याने त्यांना पट्ट्या मारून दिल्या. फळी आडवी ठेवली त्यांच्यावर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून जुन्या खिडकीची जाळी बसवली. कडी तशीच बाजूला लोंबत राहू दिली. मग मी पॉलिश पेपर आणला आणि दार घासायला बसले. तेलाने, धुराने, हातांनी काळं झालेलं. दोन दिवस घासलं, घाम गळत होता त्याच्यावर. मधे एक डाग होता, तांबडा-काळा, चार बोटांसारखा. तो निघेना. मी जोर लावून लावून काढला. खालून असा पिवळा साग निघाला की मीच बघत राहिले. अक्का बघेल तर म्हणेल, वा.

संध्याकाळी ईशूचे पप्पा शिफ्टवरून आले, चप्पल काढता काढता थांबले. म्हणाले, "इथं अक्काचा हात होता."

म्हणे अक्का नवरी होऊन आली तेव्हा कुंकवात हात बुडवून त्या दारावर उठवलेला. ते लहानपणापासून बघत होते. चार बोटं, अंगठा नाही. भाऊभाऊ हसायचे म्हणे, अक्काचा अंगठा कुठे गेला. माझ्या हातातला कागद तसाच. ज्या बाईच्या हातात माझी पोरगी आहे तिचाच हात मी घासून टाकला. दोन महिन्यांत मी सगळं जमवलं आणि हे करून बसले. त्या दिवसापासून मी त्या फळीवर दोन गोधड्या टाकून ठेवल्या आणि अक्का येईपर्यंतचे आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फोनवर अक्काचा आवाज आला की मी फोन ईशूच्या पप्पांकडे द्यायची.

अक्का आली. रिक्षातून उतरली, एका खांद्याला पिशवी, काखेत ईशू. मी हात पुढे केले. ईशूने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून अक्काच्या पदरात घातलं. दोन महिने हो फक्त. मी हात तसेच धरून उभी, मग पिशवी घेतली, काहीतरी घ्यायचं म्हणून.

अक्का आत आली आणि बसली नाही. आधी भिंतीला हात लावला. मग वर बघितलं, बराच वेळ. म्हणते, "या मोरले दोन डोका शेतस! एक मनाकडे देखस, एक तुनाकडे." मग कपाट. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, मला विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं, अस्तर, आत डाळ आहे. "मंग झंपरले काय लावस, मूग?" मी हसले, पण ती आता फळीकडे वळली होती. गोधडी उचलली. एक, मग दुसरी. हात फिरवला लाकडावर, इकडून तिकडे, आणि मधे थांबला. बरोबर तिथेच थांबला.

"आठे मना हात व्हता."

"मीच घासा, अक्का," मी म्हणाले. "मले मळ वाटना." आणि रडायला लागले, सगळं एकदम आलं, ईशूने तोंड फिरवलं ते पण. "चुकनं मनं. पण पोर नका लई जाऊ."

अक्का फळीवर बसली. बाकाचे पाय कुरकुरले. ती तिचा उजवा हात मांडीवर उलटा करून बघत होती.

"चौदा वरीसनी व्हतू मी," ती म्हणाली. "गाडीमाईन उतरनू ते घरमा जावाले तयारच नही. माय पाहिजे, माय पाहिजे. मंग बठ्ठ्या बायासनी मना हात धरीसन दारले दाबा. मी मांगे ओढी ऱ्हायंतू. म्हनीसन अंगठा उठना नही." तिने हात पदराला पुसला. "येता-जाता तेच देखं मी, इतलं वरीस. बरं करं तू घासं ते."

मी हळद-कुंकू आणू का विचारलं, नवीन हात उठवायला. म्हणाली, "कसाले? गयं ते गयं. चहा ठेव."

मी चहा ठेवायला गेले आणि मागे कडी वाजली. ईशू अक्काच्या मांडीवरून खाली उतरली होती आणि दोन्ही हातांनी ती साखळी धरून हलवत होती, खण खण खण, हसत होती. वाटणीआधी गावी रांगायची तेव्हा ती दिवसभर त्याच कडीशी खेळायची, म्हणूनच अक्काने कडी धाकल्याकडे ठेवलेली. तिला आठवलं की नुसता आवाज आवडला, मला नाही माहीत, सोळा महिन्यांच्या पोरीला काय आठवत असेल. पण ती वळली, तिला दाखवायचं होतं कोणालातरी, आणि मी जवळ होते, मलाच दाखवलं. मी तिथेच खाली बसले. ती कडी सोडून माझ्याकडे आली. स्टोव्हवर चहा उतू गेला. अक्का म्हणाली, "जाऊ दे, दुसरा ठेवसूत."

अक्का चार दिवस राहिली. दुपारी त्या फळीवर पाय दुमडून झोपायची, ईशूला कुशीत घेऊन, वरून मोर दोन्हीकडे बघतोय. म्हणायची, थंड शे वं आठे, मले स्लॅबखाल झोप येत नही. जाताना स्टेशनवर तिने ईशूला माझ्याकडे दिलं, आणि गाडी येईपर्यंत एक हात कमरेवर तसाच ठेवून उभी होती, जशी पोर काखेत असताना उभी राहते तशी. मला माहीत होतं ते कसं लागतं. मला एकदा वाटलंही, सांगावं, राहा इथेच. पण तिची गुरं, तिचा गोठा, तिची कानबाई. गाडीत चढता चढता ती इतकंच म्हणाली, "कडी वाजाडत ऱ्हा. फोनवर ऐकाडत ऱ्हा मले."

म्हणून आता रोज दिवे लागायच्या वेळी मी फोन लावते. ईशूला शिकवावं लागत नाही, ती आपली जाऊन कडी धरते आणि हलवते. तिकडे गावाला, गोठ्याजवळ, दाराची दुसरी फळी जिथे आहे तिथे अक्का खाटेवर बसलेली असते, कधी आवाज येतो, कधी तुटतो. मला अजून भीती वाटते, पत्र्यावर ऊन आलं की वाटते, पोरगी खोकली की वाटते. मी गावची राहिले नाही आणि जळगावची झाले का तेही कळत नाही. पण रोज एकदा जळगावातून आमच्या गावच्या दाराची कडी वाजते. आणि तिकडून अक्का जोरात विचारते, जसं काही कोणी खरंच उंबऱ्यावर येऊन उभं आहे,

"कोन शे वं?"

आणि माझी पोरगी सांगते, "मी."