पुसलेली काच

वरवंडहून मी दर शुक्रवारी कासुर्डीच्या माळावरच्या एका बंगल्याचा स्विमिंग पूल साफ करायला जातो. असल्या बंगल्यांना आता आमच्याकडं तोटा नाही. मालक पुण्याचे, शनिवार-रविवार तेवढे येतात. एरवी तिथं राखणीला एक मावशी असतात. हॉलची माळाकडची अख्खी बाजू काचेची, आत पांढरे सोफे, आणि मावशी मागच्या पायरीवर गुडघे चोळत बसलेल्या.

फरशीवर माझं ओलं पाऊल उमटलं तरी त्या ओरडतात. काच मात्र धुळीनं माखलेली असते.

"मावशी, काच आजपण नाही पुसली?" मालकीणबाईंचा आवाज कॅमेऱ्यातून येतो.

"पुसते, बाई," म्हणतात आणि बसून राहतात.

एकदा मी विचारलंच.

"पुसली की पाखरं येऊन आपटत्यात. त्यास्नी वाटतं, पल्याड बी आभाळच हाय. रोज किती गोळा करू रं?"

शुक्रवारी संध्याकाळी मात्र पुसावीच लागते.

परवा पंप बिघडला म्हणून शनिवारी सकाळीच गेलो. मावशी काचेसमोरचा ओटा झाडत होत्या. ओट्यावर काडीसुद्धा नव्हती. पाखरू जवळ आलं की झाडू तेवढा उंच जायचा.

"कवापासून झाडताय?"

"उजाडल्यापासनं."

"बसा की जरा."

"आन् मग?"

तेवढ्यात काचेचं दार सरकवून मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन बाहेर आल्या. "आमच्या मावशींना कचरा अजिबात खपत नाही हं," त्या कौतुकानं म्हणाल्या.

मावशींनी कंबर सरळ केली आणि ओटा पुन्हा पहिल्यापासून झाडायला घेतला.