भिंगकाकांच्या वेबसाइटचा भाव

भिंगकाका चाळीस वर्षं लोकांचे चष्मे दुरुस्त करत आले होते. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरच थांबावं. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी 'चष्मादुरुस्ती' हे नाव इंटरनेटवर नोंदवून ठेवलं होतं. दरवर्षी न चुकता ते त्याची फी भरत, आणि फावल्या वेळात तिथे लिहीत बसत: सैल स्क्रू कसा आवळावा, काडी कानामागे का रुतते, शर्टाच्या टोकाने काच पुसणाऱ्याचं पुढे काय होतं. कडेला जाहिराती आपोआप दिसत. वाचणाऱ्याने एखादी दाबली की काकांना चार पैसे मिळत. त्यातून महिन्याचा किराणा सुटायचा, पण काका बोलायचे असे, की जणू गावाला तेच जेवू घालतात.

एके दिवशी चष्म्याच्या मोठ्या कंपनीतली एक बाई दुकानात आली. तिला ते नाव विकत हवं होतं.

"नुसत्या नावाला फार मिळत नाही, काका," ती म्हणाली. "रिकाम्या गाळ्यापेक्षा भाडेकरू असलेल्या गाळ्याला भाव जास्त, तसंच हे. जाहिरातींचे महिन्याला जे येतात, त्याच्या चाळीसपट देऊ. येत्या तीन महिन्यांची सरासरी धरू."

काकांना घर बदलायचं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सहासष्ट पायऱ्या, आणि काकूंचे गुडघे पार गेलेले. मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर विकायला होतं. आपलं घर देऊन वर जी भर घालावी लागणार होती, ती या नावातून निघाली तर निघणार होती. पहिल्या महिन्याचा आकडा आला आणि काकांचं तोंड उतरलं. एवढ्या पैशांत ते घर मिळणार नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात मात्र उत्पन्न दुप्पट झालं. तिसऱ्यात त्याहून वर गेलं. "लोकांचे स्क्रू एकदम सैल झालेले दिसतात," असं म्हणत काका घरभर फिरले. काकू मान खाली घालून शेंगा सोलत राहिल्या.

तिसरा महिना संपायला आठवडा उरला असताना वाचनालयातल्या बाई चष्मा घेऊन आल्या. काका स्क्रू बसवत होते.

"काकू बऱ्या आहेत ना? काल दिसल्या नाहीत."

"कुठे दिसायला हव्या होत्या?"

"अहो, वाचनालयात. रोज चारला येतात की. तिन्ही कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसतात आणि तुमचंच पान उघडतात. आम्हाला भारी कौतुक वाटतं."

काकांच्या हातून स्क्रू सुटला. तो शोधायला लोहचुंबक फिरवत त्यांनी दहा मिनिटं घालवली, आणि तेवढ्यात सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला.

घरी येऊन त्यांनी सरळ विचारलं. काकूंनी काही लपवलं नाही. काकूंच्या धाकट्या भावाला जगातलं सगळं कळतं, असा निदान त्याचा समज आहे. घरच्या मशीनवरून जाहिराती दाबल्या तर पकडतात, वेगवेगळ्या मशीनवरून दाब, हा सल्ला त्याचाच.

"मी काही चोरी केली नाही," काकू म्हणाल्या. "प्रत्येक जाहिरात नीट वाचली. केस गळण्यावरची तर रोज."

"अगं, त्या बाईला वाटणार, एवढी गिऱ्हाइकं येतात! गिऱ्हाईक कुठलं? तूच ती." काकांचा आवाज चढला होता. मग ते मधेच थांबले. "म्हणजे तू रोज खाली उतरत होतीस?"

"उतरायला काय लागतं? चढतानाच त्रास. दुसऱ्या मजल्यावर बसायचे जरा, मग पुढे."

जिने चढावे लागू नयेत म्हणून ही बाई दोन महिने रोज जिने चढली होती. काकांना हसूही आलं आणि रडूही. बायकोवर आपला इतका जीव आहे हे त्यांना त्या संध्याकाळी नव्याने कळलं, आणि म्हणूनच सकाळी कंपनीतल्या बाईंना फोन करणं जड गेलं.

"बाई, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली निम्म्याहून जास्त माणसं म्हणजे माझी बायको," ते म्हणाले.

पलीकडे बाई हसल्या, पण भाव उतरलाच. पहिल्या महिन्याचं उत्पन्न धरलं गेलं, आणि आता कंपनीची माणसं सगळं तपासणार, त्याचा खर्च म्हणून चाळीसऐवजी तीसपट. तळमजला हातचा गेला. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचं घर जेमतेम परवडत होतं.

काका काकूंशेजारी पलंगावर बसले. "मी खरं बोलून मोकळा झालो," ते म्हणाले, "आणि भोगायचं तुझ्या गुडघ्यांनी. बावीस पायऱ्या आहेत तिथे."

काकूंनी मनाशी हिशेब केला.

"बावीसच ना? मग मधे बसावं लागणार नाही."