परबांनी निवडलेला कॉम्प्युटर

तांडेल आणि मी आता भेटतो ते बहुतेक कुणाच्या तरी मयताला. तिथे हसायचं नसतं एवढं आम्हाला कळतं, वयं झाली आमची. पण तो बाजूला येऊन उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "शैले, टिंब आठवतं का गं?" की संपलंच! तोंडाला पदर लावून बाहेर यावं लागतं. लोकांना वाटतं, बाईला रडू आवरत नाही. ते अगदीच खोटं नसतं.

ऑफिसातले किस्से असेच साठत जातात. घडताना कुणी म्हणत नाही की हा किस्सा आहे म्हणून.

आमचं ऑफिस दादरला, हिंदमाता सिनेमाच्या बाजूला. आर्किटेक्टचं. दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेब, बाहेरच्या खोलीत तीन ड्रॉइंग बोर्ड. एक परबांचा. परब लालबागचे, मूळ मालवणकडचे. गिरणीत डिझाइन खात्यात होते. संपात नोकरी गेली, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या वयात पोरांबरोबर बाकावर बसून ड्राफ्टिंग शिकले. दुसरा बोर्ड तांडेलचा, वरळी कोळीवाड्यातला, तोंडाने तिखट. तिसरा माझा. मी घोडपदेवची, सगळ्यांत शेवटी लागलेली.

*

संपाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. गिरण्यांच्या जमिनींची कामं यायला लागली होती. एक दिवस साहेब बाहेर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बिल्डरला आता ड्रॉइंग फ्लॉपीवर पाहिजे. आपण एक चांगलं वर्कस्टेशन घेतोय. डिझाइन, थ्रीडी, सगळं त्याच्यावर."

साहेबांनी घसा साफ केला. "जागा तुम्ही बघताच आहात. एक बोर्ड कमी करावा लागेल. कुठला, ते बघू नंतर."

साहेब आत गेले. तांडेल म्हणाला, "स्टेशन आलं म्हणजे कुणीतरी उतरणार!"

त्या दिवशी तिघांनी डबे उघडले आणि तसेच बंद केले. तांडेलच्या डब्यात सुका बोंबील होता, तरीसुद्धा!

*

साहेबांनी तिघांनाही गिरगावातल्या एका क्लासला घातलं. शिकवणारा माझ्याहून लहान. म्हणाला, "समोरच्या प्लॅनची एक भिंत काढा."

परबांनी हात वर केला. "स्केल काय धरायचं?"

"स्केल नाही काका. इथे सगळं खऱ्या मापात काढायचं. दहा मीटरची भिंत तर दहा मीटर."

परबांचा चेहरा बघायला पाहिजे होता! दहा मीटरची भिंत दहा मीटर काढायची म्हणजे काय? कागदाला काही मर्यादा? त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. आठवडाभर ते प्रत्येक माप मनातल्या मनात शंभराने भागून मशीनमध्ये घालत होते. शिकवणाऱ्याला पत्ता नाही. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की सगळं व्यवस्थित दिसायचं. जिने, खिडक्या, पाण्याची टाकी, झकास!

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे प्रिंट काढले; छापताना मशीन आपणहून शंभराने भागतं. माझा प्लॅन आला. तांडेलचा आला. परबांचा भलामोठा कागद पांढराच्या पांढरा बाहेर आला. मधोमध एक टिंब.

शिकवणारा हसून हसून खाली बसला. तांडेल पण हसला, मी पण हसले. परब कागद उजेडात धरून म्हणाले, "चार मजली आसा. नीट बघा."

परत येताना ठाकूरद्वारपर्यंत ते कागदाची गुंडाळी काखेत धरून पुढे चालले. मग मला म्हणाले, "शैला, तुझा प्लॅन बरा इलो हां." मला इतकं कसंतरी झालं की विचारू नका.

*

तरीही मशीन निवडायला साहेबांनी परबांनाच धाडलं. का, तर त्यांची नजर. एक रेघ अर्ध्या मिलिमीटरने हलली तरी लांबून ओळखणारा माणूस. सोबत मी आणि तांडेल.

लॅमिंग्टन रोडला दुकानदाराने तीन मॉनिटर लावून दाखवले. "सब सेम टू सेम. जो डिब्बा पसंद है वो लेके जाओ."

परबांनी खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढलं. गिरणीत कापडाचे धागे मोजायला असतं ते. डिझाइन खात्यात असताना ते ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, एक चौकोन म्हणजे एक धागा. वीस वर्षं तेच केलेलं. त्यांनी भिंग स्क्रीनवर टेकवलं, डोळा लावला आणि ठिपके मोजायला लागले.

"अंकल, क्या कर रहे हो? टीव्ही है क्या?"

परब मोजत राहिले. तिन्ही मोजून झाल्यावर मधल्या मॉनिटरवर बोट ठेवलं. "ह्याचं कापड विरळ आहे."

दुकानदार भडकला. बराच वेळ बडबड केली. मग आतून त्याचा म्हातारा बाप आला, डब्यावरचे आकडे वाचले आणि मधला मॉनिटर गुपचूप उचलून आत नेला. तांडेल दुकानदाराला म्हणाला, "सेम टू सेम, काय?"

*

ह्याच्यानंतर लालबागला परबांच्या चाळीत बातमी पसरली की ऑफिस परबांशिवाय कॉम्प्युटर घेऊ शकत नाही. खुद्द वहिनी, म्हणजे परबांची बायको, डबा द्यायच्या निमित्ताने ऑफिसात आल्या. हातात पेढे.

"ह्यांना मोठं केलं ना साहेबांनी? हे घरात काय बोलत नाहीत. पण मशीनची सगळी जबाबदारी ह्यांच्यावर दिलीय म्हणे!"

परब बोर्डावर वाकून ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडत होते. वर बघितलंच नाही. तांडेलने पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातून घेतला. शेवटी म्हणाला, "हो वहिनी. सगळी त्यांच्यावरच आहे."

पेढे आम्ही खाल्ले. दुसरं काय करणार होतो?

*

मग कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला, टायवाला. म्हणाला, मशीनला धूळ चालणार नाही, गरमी चालणार नाही, एसी बसवावाच लागेल. साहेब लगेच तयार! आम्ही तीन वर्षं एक जादा पंखा मागत होतो, तो मिळाला नव्हता.

तांडेल चिडला. "आम्ही काय कोळंबी आहोत का, वाळत घालायला?"

परब शांतपणे म्हणाले, "गिरणीत धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायचे. आत पाण्याचा फवारा. धाग्याला बरं वाटायचं, माणसं खोकून मरायची. इथे बरं आहे. मशीनसाठी आणलेला वारा माणसाला पण लागेल."

थोडं थांबून म्हणाले, "जो असेल त्याला."

*

शेवटी दोन मशीनं उरली. टायवाला म्हणाला, तुमचं सगळ्यांत जड ड्रॉइंग आमच्या ऑफिसात आणा, दोन्हींवर चालवून दाखवतो.

सगळ्यांत जड ड्रॉइंग म्हणजे गिरणीचा सर्व्हे. ती परबांचीच गिरणी. बंद पडलेल्या खात्यांतून टेप घेऊन फिरत त्यांनीच खांब न् खांब मापला होता, आणि मग साहेबांनी ते बाहेरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं.

टायवाल्याने अख्खी गिरणी स्क्रीनवर आणली. छपराचे दाते, चिमणी, गेट. "आता स्पीड बघा हां." एक बटण दाबलं. सगळं गायब! काळा स्क्रीन. "वन सेकंद!"

टायवाल्याला वाटलं, आम्ही घाबरलो. "टेन्शन नको, परत येतं." दुसरं बटण दाबलं. गिरणी परत आली, चिमणीसकट.

परब खुर्ची ओढून पुढे बसले. "परत एकदा दाखवा."

त्याने दाखवलं. गेली, आली.

"परत एकदा."

चार वेळा बघितलं. मग दुसऱ्या मशीनवर चार वेळा. तांडेल खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांपुढे माझा बाप येत होता, संपानंतर सकाळी उगाच गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचा तो.

"पहिलं घ्या," परब साहेबांना म्हणाले. "पुसायला दोन्ही सारखीच आहेत. परत आणायला हे लवकर आणतं."

*

मशीन यायला आठवडा राहिला. साहेब परबांना म्हणाले, "बाहेरच्या खोलीचा प्लॅन काढा. कॉम्प्युटरचं टेबल, छपाईचा प्लॉटर, बोर्ड, सगळं दाखवा. दरवाजा अडता कामा नये." कुठला बोर्ड जाणार, ते तेव्हाही बोलले नाहीत.

परबांनी खोली मापली. टेबलांच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांच्यावर नावं लिहिली आणि दोन दिवस ते प्लॅनवर सरकवत बसले. कधी खिडकीशी, कधी भिंतीला, कधी तिरपे. तांडेल आणि मी आपापल्या जागेवरून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो, आपला तुकडा कुठे आहे ते. शेवटी आलेली मी, म्हणजे जायची पण मीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायला लाज वाटते, पण मी मनात एकच म्हणत होते, माझा राहू दे, कुणाचाही जाऊ दे, माझा राहू दे.

तिसऱ्या दिवशी परबांनी ट्रेसिंग शाईत पुरं केलं आणि साहेबांना बोलावलं. आम्ही पण उठून मागे उभे राहिलो. खिडकीशी, उजेडात, शैला. दाराजवळ तांडेल. मधल्या भिंतीला, जिथे ते स्वतः बसत होते, तिथे कॉम्प्युटर. चालायला तीन फूट मोकळी जागा. दरवाजा पूर्ण उघडत होता. एक रेघ इकडची तिकडे नाही.

साहेबांनी वाकून एकेक नाव वाचलं.

"परब, तुमचा बोर्ड?"

"नाही मावत, साहेब," परब म्हणाले. "प्रिंट किती काढू?"