खडूचे गोल आणि मिस्त्रीदादा

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि मी खिदिरपूरच्या एका लहानशा कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. तिथे फायबरच्या होड्या बनत. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर इपॉक्सीचा, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या रंगाचा थर किती जाड बसलाय, ते मोजायचं, हे माझं काम. लोखंडावर चालणारं चुंबकाचं यंत्र फायबरवर चालत नाही, म्हणून माझ्याकडे ध्वनिलहरींचं होतं. थेंबभर जेल लावायची, टोक टेकवायचं, मायक्रॉनमध्ये आकडा येतो. अडीचशेच्या खाली आला की होडी नापास.

रंगाचे प्रमुख मिस्त्री साठीचे, गोड बोलणारे. पहिल्या तिन्ही होड्या झकास पास झाल्या. चौथीच्या वेळी माझ्या लक्षात आलं, शिडी ते दर वेळी स्वतःच लावून देतात आणि म्हणतात, “दिदी, इथून मोजा, पाय घसरणार नाही.” म्हणजे त्या शिडीभोवतीच थर जाड असणार!

पाचव्या होडीला मात्र शुक्रवारी खडूनं दहा गोल काढले आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “सोमवारी बरोबर इथेच मोजणार.”

सोमवारी गोलांवर हात फिरवला तर चक्क उंचवटे लागले. आकडा चारशे दहा. “वा, दादा!” मी म्हटलं. मिस्त्री लाजले. मग मी वीतभर बाजूला टोक टेकवलं. एकशे साठ.

“पण तिथे तर गोल नाही!” ते कळवळून म्हणाले.

मला हसू आवरेना. त्यांना आपण काय बोलून गेलो ते कळलं, तशी त्यांनी जीभ चावली आणि तेही पोट धरून हसले. “आधीचे साहेब जाडे होते,” ते म्हणाले, “शिडीवरून हलायचेच नाहीत. सवय लागली.”

होडी घासून पुन्हा रंगवावी लागली. चार दिवस ते राबले. शेवटी मी पोत्यावर आडवी होऊन अगदी तळाशीही मोजलं. सगळीकडे अडीचशेच्या वर.

“मला द्या जरा,” त्यांनी यंत्र मागितलं. मी वापरायला शिकवलं. ते तडक शेजारच्या होडीकडे गेले. ती त्यांच्या मेव्हण्यानं रंगवली होती. तिसऱ्याच ठिकाणी एकशे ऐंशी आलं, आणि मेव्हण्याच्या नावानं त्यांनी ठोकलेली आनंदाची आरोळी अख्ख्या कारखान्यानं ऐकली.